हाफिजभाईंचा रकाना

महागावच्या बसस्टँडासमोर हाफिज शेख यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती उचलून त्यांच्याकडे आणतो, आणि मोटारी जळायच्या थांबतील अशी वीज अजून या भागात आलेली नाही. त्यामुळे धंदा बरा. दुकानात ग्राइंडर, हातोडी आणि गिऱ्हाईक ही तिन्ही एकाच वेळी चालू असतात. या गोंगाटात बसून बसून हाफिजभाईंना एक कसब साधलं. आवाज न चढवता त्यांना हव्या त्याच माणसाशी बोलता येऊ लागलं. बारा फुटांवरच्या माणसाला त्यांचा शब्दन् शब्द कळतो. तेराव्या फुटावरच्याला वाटतं, भाई तारेचे वेढे मोजताहेत.

हे कसब ओळखलं देवीलाल राठोडांनी. देवीलाल म्हणजे गावातल्या जागर नाट्य मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि भांडणं झाली की सगळे सभासद. ते मोटार न्यायला आले होते. ग्राइंडर कर्कश चालू असताना हाफिजभाई त्यांना म्हणाले, "मांगं पाहू नका. तुमच्या मांगं जो उभा हाये ना, तो तुमच्या गाडीची चावी पाहून राह्यला." देवीलालांना ते स्वच्छ ऐकू आलं. मागं उभ्या असलेल्याला काहीच ऐकू आलं नाही. चावी वाचली आणि मंडळाला प्रॉम्प्टर मिळाला. याला आता बावीस वर्षं झाली.

मंडळाला प्रॉम्प्टरची गरज होती याचं कारण उत्तमसिंग चव्हाण. उत्तमसिंग म्हणजे मंडळाचे कायमचे नायक. त्यांचं खताबियाण्याचं दुकान. उंची आहे, मिशी आहे, आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं मूल उठून बसावं. फक्त पाठांतर नाही. बावीस वर्षांत त्यांनी एक ओळ पाठ केलेली नाही, आणि याबद्दल त्यांना खंतही नाही.

"पाठ करून काय करू?" ते म्हणतात. "हाफिजभाई हायेत ना."

हाफिज म्हणजे ज्याला सगळं तोंडपाठ आहे तो. आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा त्यांच्या मनात निराळा ग्रंथ होता. पण सव्वीस नाटकं हाफिजभाईंना अथपासून इतिपर्यंत पाठ आहेत हे खरं, आणि त्यातला एकही शब्द त्यांनी स्वतः रंगमंचावर उच्चारलेला नाही हेही खरं.

विंगेतून सांगताना एक अडचण असते. प्रॉम्प्टरला संवादही सांगावे लागतात आणि सूचनाही द्याव्या लागतात. यातलं कुठलं बोलायचं आणि कुठलं करायचं, हे नटाला कळणार कसं? हाफिजभाईंनी पहिल्याच वर्षी यावर तोडगा काढला होता. शुद्ध आलं की बोलायचं, वऱ्हाडी आलं की करायचं. "सेनापती, आमचा निर्णय झाला आहे" हे बोलायचं. "इकडं सरक ना बे, मिशी सुटून राह्यली तुही" हे करायचं. मंडळाच्या नाटकांतले राजे शुद्ध बोलत आणि सामाजिक नाटकांतले डॉक्टर राजांहून शुद्ध बोलत, त्यामुळे घोटाळा व्हायला जागाच नव्हती. उत्तमसिंगांना तर या पद्धतीची इतकी सवय झाली की दुकानात कृषी अधिकारी येऊन शुद्ध मराठीत काही म्हणाले, तर ते तेच वाक्य मागोमाग मोठ्यानं म्हणत.

हाफिजभाईंना या कामात सुख होतं. दुःख एकच, आणि ते घरी होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको खातूनबी नाटक पाहायला गेली होती. सगळ्यात पुढं बसली, तिन्ही अंक डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि घरी आल्यावर विचारलं, "आप थे कां?"

"परदे के बाजू में था."

"बाजू में बैठने को दो महीने की तालीम?"

खातूनबी घरात हिंदी बोलतात, बाजारात वऱ्हाडी बोलतात आणि राग आला की जी आधी सापडेल ती. प्रॉम्प्टर म्हणजे काय हे हाफिजभाईंनी त्यांना पुष्कळ समजावलं. पण एक माणूस अंधारात बसून दुसऱ्याला त्याचंच बोलणं सांगतो, आणि ऐकणारा खताच्या दुकानाचा मालक आहे, हे काही त्यांना पटण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून शेजारणींत त्या एवढंच म्हणतात, "आमच्या घरचे नाटकात हायेत म्हनतात बावा. दिसले नाई कदी."

आणि या वर्षी मंडळ हौशी नाट्यस्पर्धेसाठी उमरखेडला निघालं. उमरखेड हे खातूनबींचं माहेर. भाऊ, भावजय, भावजयीची बहीण, सगळी फौज नाटकाला येणार असं ठरलं. बाकी सगळं हाफिजभाईंनी सोसलं असतं. पण सासुरवाडीनं दोन तास नाटक पाहावं आणि शेवटी विचारावं, "दूल्हेभाई कुठं होते?" हे त्यांना सोसणारं नव्हतं.

ते देवीलालांकडे गेले. "अध्यक्षसाहेब, एक काम करा. नाटकाच्या आंधी माइकवर सगळ्याईचं नाव घेतात ना, त्याच्यात माहं बी घ्या. एक डाव. बस."

देवीलाल विरघळले. बावीस वर्षांत या माणसानं चहासुद्धा स्वतःहून मागितला नव्हता. त्यांनी लगेच स्पर्धेचा फॉर्म काढला आणि चष्मा लावून रकाने वाचले. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वसंगीत, कलाकार. मग पाठीमागचे नियम वाचले. मग चष्मा काढला.

"हाफिजभाई, तुमचा रकानाच नाई वो."

"असं कसं?"

"नियम नववा. प्रॉम्प्टरचा आवाज परीक्षकाले ऐकू आला तं दर टायमाले दोन मार्क कट. म्हंजे त्याईच्या मतानं तुम्ही नाईच हा. अन् जो नाई त्याचं नाव माइकवर कसं घ्याव?"

"मंग नेपथ्यात टाका."

"नेपथ्यात माहा साळा हाये."

एवढ्यावर त्यांचं दुःख थांबलं असतं तर बरं होतं. पण या वर्षीचं नाटक लिहिलं होतं वर्षा आडे यांनी. वर्षाताई कॉलेजात मराठी शिकवतात. त्यांनी मंडळाला सांगितलं की राजे पुष्कळ झाले, डॉक्टरही झाले, आता आपल्या मातीतलं नाटक, आपल्याच बोलीत. नाटकाचं नाव 'कणगी'. सुदामबुवा नावाचा म्हातारा घरातल्या धान्याच्या कणगीशी दिवसभर बोलतो. कणगी भरलेली आहे असं त्याला वाटतं. शेवटी तो आत डोकावतो आणि म्हणतो, "रिकामी हाये. कोनीच नाई आत." पडदा.

नाटक सगळ्यांना आवडलं. पहिल्या तालमीला हाफिजभाईंनी नेहमीसारखा पहिला संवाद सांगितला, "सूनबाई, पानी आन वो जरा."

उत्तमसिंग वळले, माठाकडे गेले आणि सुनेचं काम करणाऱ्या शीलाला ग्लासभर पाणी आणून दिलं.

"हे काय काका?" शीलानं विचारलं.

"त्याईनंच सांगतलं."

पुढचा संवाद होता, "तिकडं जाऊन बैस." उत्तमसिंग तिकडं जाऊन बसले. वर्षाताईंनी कपाळाला हात लावला. अख्ख्या नाटकात एकही शब्द शुद्ध नव्हता, त्यामुळे उत्तमसिंग अख्खं नाटक करायला तयार होते, बोलायला नाही.

"पाठ करा ना भाऊ या वेळी," वर्षाताई काकुळतीनं म्हणाल्या.

"वर्षाताई, माह्यं वय आता एकोनसाठ," उत्तमसिंगांनी हात जोडले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही त्यांनी हेच कारण दिलं होतं.

सूचना गोरबोलीत, म्हणजे उत्तमसिंगांच्या घरच्या बंजारा बोलीत द्याव्या असं कुणीतरी सुचवलं. पण हाफिजभाईंना तांड्यावरची बोली येत होती ती मोटारीपुरती, म्हणजे 'जळाली' आणि 'मंगळवारी या' एवढीच. शेवटी असं ठरलं की नियम उलटा करायचा. वऱ्हाडी आलं की बोलायचं, शुद्ध आलं की करायचं.

कागदावर हे सोपं दिसत होतं. पण हाफिजभाईंचं शुद्ध मराठी सव्वीस नाटकांतून आलेलं, आणि त्यातली निम्मी दरबारी. तोंड उघडलं की तलवार बाहेर यायची. "महाराज, आपण दिव्याच्या आड आला आहात. दोन पावले पुढे यावे." यापेक्षा साधं त्यांना शुद्धात बोलताच येईना. जिभेला वळण लागावं म्हणून त्यांनी घरी सराव सुरू केला. जेवताना म्हणाले, "मिठाचे पात्र इकडे सरकवण्याची कृपा करावी." सकाळी दारात शेळी आडवी बसली होती तिला म्हणाले, "दोन पावले मागे व्हावे. आमचा मार्ग मोकळा करावा."

शेळी उठली. खातूनबी पाहत होत्या. त्यांनी संध्याकाळी भावाला फोन केला की स्पर्धा होईस्तोवर दूल्हेभाईला काही बोलू नका, तबियत नाजूक आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी अकराला मंडळाचा प्रयोग होता. स्पर्धा एका मंगल कार्यालयात भरली होती. तिथं लग्नं उत्तम लागत असतील, पण नाटकाला विंग नव्हती. स्टेजच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गंजं-पातेल्यांच्या खोलीचं दार. त्या दारातून सांगायचं तर उत्तमसिंग पंचवीस फुटांवर. हाफिजभाईंनी पावलांनी अंतर मोजलं आणि मान हलवली.

सगळ्यांची नजर हळूहळू स्टेजच्या मधोमध असलेल्या कणगीवर गेली. देवीलालांच्या साळ्यानं ती तुराट्यांची विणून शेणानं लिंपली होती. पाच फूट उंच. शेण परवाचं.

"वाकून बसलं तं मावतात," देवीलाल म्हणाले.

"मले इचारा तं खरं," हाफिजभाई म्हणाले. पण तोपर्यंत साळ्यानं प्लास्टिकचं स्टूल आत सोडलं होतं.

अशा रीतीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा हाफिजभाई रंगमंचाच्या ऐन मध्यावर आले, तेही सासुरवाडीसमोर. मांडीवर वही, हातात मोबाईलचा दिवा, नाकाशी ओलं शेण. तुराट्यांच्या फटीतून त्यांना तिसरी रांग दिसत होती. तिथं खातूनबी, भाऊ, भावजय आणि भावजयीची बहीण रांगेनं बसली होती. माइकवर नावं सुरू झाली. देवीलालांच्या साळ्याचं नाव आलं. खुर्च्या कुणी मांडल्या त्यांचं आलं. मग पडदा उघडला.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. हाफिजभाई कुजबुजत, उत्तमसिंग गरजत. म्हातारा कणगीशी बोलतो असंच नाटकात असल्यामुळे ते सारखे कणगीजवळ घोटाळत होते, आणि परीक्षकांना तो अभिनय वाटत होता. पुढच्या रांगेत तीन परीक्षक होते. मधले बाहेरगावचे, झब्ब्यातले, सारखं लिहिणारे.

मग प्रवेश रंगात आला आणि उत्तमसिंग सरकत सरकत अंधारात गेले. नुसता आवाज ऐकू येऊ लागला. हाफिजभाईंनी नव्या नियमाप्रमाणे शुद्धात सूचना दिली.

"महाराज, आपण प्रकाशाबाहेर उभे आहात. दोन पावले पुढे यावे."

बावीस वर्षांची सवय पंधरा दिवसांच्या नियमाला ऐकणार थोडीच. उत्तमसिंगांनी छाती फुगवली आणि कणगीकडे हात करून गर्जना केली, "महाराज! आपण प्रकाशाबाहेर उभे आहात! दोन पावले पुढे यावे!"

कणगी जागची हलली नाही. शीलाच्या हातातलं सूप पडलं. झब्बेवाले परीक्षक वेगानं लिहू लागले.

"हे बोलायचे नाही, करायचे आहे," हाफिजभाई घाईनं म्हणाले.

"हे बोलायचे नाही!" उत्तमसिंगांनी मूठ वर केली. "करायचे आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्यांनी उत्तमसिंगांना बळ आलं, ते आपसूक दोन पावलं पुढं आले आणि प्रकाशात दिसू लागले.

तिसऱ्या रांगेत मात्र खातूनबी ताठ बसल्या होत्या. असं मराठी त्यांनी आजवर एकाच तोंडून ऐकलं होतं, आणि ते तोंड शेळीशी बोलत होतं. त्यांनी कान टवकारले. पुढचा संवाद आला. त्याच्या अगोदर, अगदी बारीक, तारेचे वेढे मोजल्यासारखं काही ऐकू आलं का? चाळीस वर्षांच्या संसारात बाईला जे कान येतात ते नियम नवव्यात धरलेले नव्हते. दहा मिनिटांत त्यांना सगळं उमगलं. आधी ते बोलतात, मग हा मिशीवाला बोलतो. म्हणजे अख्खं नाटकच ह्यांचं!

त्यांनी भावजयीच्या मांडीवर थाप मारली. "ये सब हमारे घर का है!"

"कां है?"

"उस कोठी में है. डब्बा भी नहीं ले गए."

नाटक शेवटाला आलं. पोरं घर विकून निघून गेली. सुदामबुवा एकटा उरला. उत्तमसिंग हळूहळू कणगीजवळ आले, काठावर दोन्ही हात ठेवले आणि आत डोकावले. हाफिजभाईंचा आणि त्यांचा चेहरा वीतभर अंतरावर. उत्तमसिंगांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, कारण शेवटची ओळ काय आहे हे त्यांना अजिबात माहीत नव्हतं.

त्या क्षणी हाफिजभाईंच्या मनात एक गोष्ट आली. हा माणूस आपण सांगू ते म्हणणार. 'आत हाफिज शेख बसला हाये, महागाववाला' एवढं वऱ्हाडीत सांगायचा अवकाश, की हॉलभर ते नाव घुमलं असतं. माइकची गरज नव्हती. फटीतून तिसरी रांग दिसत होती. उत्तमसिंगांच्या मिशीवरून घामाचा थेंब ओघळून वहीवर पडला. एक सेकंद गेला, दोन गेले.

हाफिजभाईंनी वहीकडे पाहिलं आणि वहीत होतं तेच सांगितलं.

उत्तमसिंगांनी मान वर केली. "रिकामी हाये," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कोनीच नाई आत."

"कोनी नाई कसं?" तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

खातूनबी उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावर, बोट कणगीकडे.

"कायले खोटं बोलता वो भाऊ? आमचे हायेत ना आत! सकाळपासून उपाशी हायेत!"

पडदा ओढणाऱ्यानं घाबरून पडदा सोडून दिला. पडद्याआड वर्षाताई पातेल्यांच्या खोलीत जाऊन रडू लागल्या. देवीलाल मनातल्या मनात मार्कांची वजाबाकी करत होते. हाफिजभाईंना कणगीतून काढायला दोन माणसं लागली, कारण शेण तोवर वाळून पँटीला धरलं होतं.

एवढ्यात आयोजकांचा एक माणूस फॉर्म घेऊन आला.

"ते मॅडम कोण हो? प्रेक्षकांतून उभ्या राहिल्या त्या? परीक्षक विचारून राहिले. यादीत नाव दिसत नाही."

सगळ्यांनी देवीलालांकडे पाहिलं. देवीलालांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"आमच्या कलाकार हायेत. लिवाचं राहून गेलतं. आना इकडं."

त्यांनी कलाकारांच्या रकान्यात शेवटी 'प्रेक्षक स्त्री' असं लिहिलं आणि पुढं 'खातूनबी'. त्या माणसानं फॉर्म परत दिला. "पूर्ण नाव पाहिजे. अर्धवट नाव चालत नाही. स्वतःचं, वडलांचं नाहीतर नवऱ्याचं, अन् आडनाव."

देवीलालांनी पेन पुन्हा उघडलं.

संध्याकाळी पाचला निकाल लागला. नाटकाला तिसरं बक्षीस मिळालं. झब्बेवाले परीक्षक वीस मिनिटं बोलले. म्हणाले, ऐन बोलीभाषेच्या प्रवाहात अचानक येणारी ती दरबारी वाक्यं म्हणजे इतिहासाचा आवाज आहे. म्हणाले, रिकामेपणा नाकारून प्रेक्षकांतून उठणारी ती स्त्री हा या स्पर्धेतला सर्वोच्च क्षण आहे, आणि लेखिकेच्या धाडसाला मी सलाम करतो. वर्षाताईंनी डोळे पुसले आणि नम्रपणे सलाम स्वीकारला. चार तासांत आपल्या नाटकाचा शेवट असाच होता हे त्यांना पटलं होतं.

हाफिजभाई हे ऐकत नव्हते. ते मागच्या नळावर पँट खरडत होते. तेवढ्यात माइक खरखरला.

"उत्तेजनार्थ अभिनय, स्त्री. सौभाग्यवती खातूनबी हाफिज शेख."

हाफिजभाईंचा हात नळावरच राहिला. उत्तमसिंग धावत आले. त्यांना स्वतःला काहीही मिळालं नव्हतं, तरी धावत आले.

"हाफिजभाई! नाव आलं ना तुमचं! माइकवर!"

"मधात आलं," हाफिजभाई म्हणाले.

"मधात आलं तं काय झालं? ते पाहा, आंधी घेतात तं कोनी आयकत नाई, लोकं खुर्च्या सरकवून राह्यते. आखरीले घेतात तवा लोकं उठून राह्यते. मधातलंच आयकू येते."

आत खातूनबी स्टेजवर चढल्या होत्या. प्रमाणपत्र घेताना त्यांनी परीक्षकांना काहीतरी विचारलं. नंतर कळलं की, आत बसलेल्याचंही असं एखादं असतं का, असं त्यांनी विचारलं होतं. परीक्षकांना तो प्रश्नही फार आवडला.

प्रमाणपत्र आता घरात टीव्हीच्या वर लावलेलं आहे. खातूनबी शेजारणींना नाटक कसं बनतं ते समजावून सांगतात. आधी ते बोलतात, मग बाकीचे बोलतात, असं, आणि बायका मान डोलावतात. वर्षाताईंनी पुढच्या नाटकात त्यांच्यासाठी तीन पानी भूमिका लिहायला घेतली आहे.

परवा हरिसिंग जाधव जळालेली मोटार घेऊन दुकानात आले होते. मोटार खाली ठेवता ठेवता म्हणाले, "पेपरात वाचलं, भाभी नाटकात काम करतात म्हने. बक्षीस भेटलं."

"हो ना," हाफिजभाई तार गुंडाळत म्हणाले.

"मंग तुमी बी जाता काय तालमीले?"

"जातो कदी कदी," हाफिजभाई म्हणाले. "तिले सोबत लागते ना."